घाटावरची स्ट्रॉबेरी, खालचं ऊन

(दृश्य: पोलादपूर. महामार्गाच्या कडेला टपरी, टेबलावर पारदर्शक डब्यांची उतरंड. मागे घाटातून उतरणाऱ्या गाड्या.)

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं खाली यायचं, की सुमारे ४० किलोमीटरवर पोलादपूर. तेराशे मीटरांहून जास्त उंचीवर, गार हवेत वाढलेलं हे फळ फेब्रुवारीच्या दुपारी इथल्या दमट उन्हात येऊन पडतं. पुढे महाड, खेड, चिपळूण. स्ट्रॉबेरी आरोग्याला चांगली, हे खरंच. पण कोकणात तिचा किती गुण पदरात पडणार, ते बरंचसं या प्रवासावर ठरतं.

हापूस काढून पेंढ्यात आढी घातली की पिकतो. स्ट्रॉबेरीला ती सोय नाही. तोडल्यानंतर तिचा रंग थोडा गडद होईल, गोडी वाढणार नाही. म्हणून देठाजवळ पांढरट राहिलेलं फळ "दोन दिवसांत होईल" म्हणून घेऊ नये. ते होत नाही, सडतं.

(दृश्य: हातात उलटा धरलेला डबा.)

डबा आधी उलटा करून बघा. वरची रांग सगळ्यांचीच देखणी असते. तळाला लाल पाणी दिसलं तर खालची फळं चेपली आहेत. हिरवी टोपी ताजी, ताठ हवी. सुकून तपकिरी झालेली नको. मोठं फळ गोडच असेल, असं काही नाही. आणि घेतलेला डबा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. तासाभरात फळ मऊ पडतं.

(दृश्य: अगदी जवळून एक फळ. पिवळसर दाणे, प्रत्येक दाणा आपल्या खळीत बसलेला.)

हे दाणे बिया वाटतात. खरं तर प्रत्येक दाणा हे एकेक फळ आहे, आणि एका स्ट्रॉबेरीवर असे साधारण दोनशे असतात. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. काजू ज्याच्या परड्यात आहे त्याला हे वेगळं सांगायला नको: तिथंही खरं फळ म्हणजे बी, आणि बोंड म्हणजे फुगलेला देठ. 'क' जीवनसत्त्वात तर बोंड स्ट्रॉबेरीच्या कितीतरी पुढे आहे, पेरू तिपटीहून जास्त. तेव्हा केवळ 'क'साठी कोणी महागडा डबा घेत असेल, तर आधी परसात बघावं.

तरीही हिशेब वाईट नाही. मध्यम आकाराची आठ फळं म्हणजे सुमारे १०० ग्रॅम. त्यात ५९ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व. प्रौढ बाईची रोजची गरज ६५, पुरुषाची ८०. उष्मांक फक्त ३२, साखर ५ ग्रॅमच्या आत, तंतू २ ग्रॅम, बाकी ९१ टक्के पाणी. मधुमेह असलेल्यांनाही म्हणूनच बेताच्या प्रमाणात हे फळ सहसा चालतं. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. अमेरिकेत सुमारे ९३,६०० परिचारिकांची १८ वर्षं नोंद ठेवली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले: आठवड्यातून तीनदा किंवा जास्त वेळा स्ट्रॉबेरी-ब्लूबेरी खाणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसले. हे निरीक्षण आहे, औषधाची हमी नव्हे.

कोकणातल्या ताटाला तिचा वेगळाच उपयोग आहे. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, माठाची भाजी यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असलं की जास्त शोषलं जातं. म्हणून स्ट्रॉबेरी जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर खावी. जेवल्या जेवल्या चहा घेतलात तर मात्र तो नेमकं उलटं काम करतो. तासभर थांबा.

(दृश्य: चाळणीत टोपीसकट फळं, नळाची बारीक धार.)

धुवायची खाण्याच्या आधी, आणल्या आणल्या नाही. ओलं फळ ठेवलं की करडी बुरशी धरते; एकाला लागली की शेजारच्याला जाते, आणि फ्रिजच्या गारव्यातही ती थांबत नाही. अर्धा मिनिट धारेखाली, टोपीसकट. टोपी आधी काढली तर आत पाणी शिरून चव फिकी होते, वरची घाणही आत जाते. विहिरीचं पाणी असेल तर शेवटचा हात उकळून गार केलेल्या पाण्याचा. साबण नको. धुण्यानं फवारलेल्या औषधांचे अंश कमी होतात. फळात मुरलेले जात नाहीत.

उरलेली फळं डब्यात कागदावर एकाच थरात, झाकण थोडं सैल. दोन-तीन दिवस टिकतात. लागतील तेवढीच बाहेर काढा. आपल्या दमट हवेत गार फळाला लगेच घाम सुटतो, आणि ते ओलं फळ परत फ्रिजमध्ये गेलं की बुरशी आलीच. वीज चार-पाच तास गेली असेल, तर त्याच दिवशी खाऊन टाका. कापून किंवा चेपून राहिलेल्या फळात 'क' जीवनसत्त्व लवकर घटतं.

शेक करायचा तर दूध गार हवं आणि प्यायचा लगेच. आंबटपणामुळे ठेवलेलं दूध फुटून कण धरतात. जॅमला फळ समजू नये: नियमानं इतर फळांच्या जॅममध्ये ४५ टक्के फळ लागतं, स्ट्रॉबेरीला २५ टक्के पुरतं. बाकी मुख्यतः साखर, आणि शिजवण्यात 'क'ही जातं.

काहींना ही सोसत नाही. ओठ खाजतात, अंगावर पुरळ उठतं. लहान मुलाला पहिल्यांदा देताना अर्धंच फळ, नीट कुस्करून, आणि सकाळी द्या. काही उठलंच तर दिवसाउजेडी दिसेल आणि दवाखानाही उघडा असेल.