दुर्लक्षामुळे वाचलेली बाग

श्रोतेहो, नमस्कार.

बर्मिंगहॅमला मुलगा-सून किंवा लेक-जावई असलेली घरं आपल्याकडे आता बरीच आहेत. तुमचं तिकडे जाणं झालं, तर शहराच्या पूर्वेची कॅसल ब्रॉमविच हॉलची बाग जरूर पाहा. 10 एकरांची बाग आणि तिला विटांच्या जुन्या भिंती. जवळूनच एम-6 महामार्ग जातो, त्याची घरघर आतही ऐकू येते.

हॉल म्हणजे इथे जमीनदाराचा मोठा वाडा; तो 1599 सालचा. 1657 मध्ये तो ब्रिजमन घराण्याकडे आला. पुढे लेडी मेरी ब्रिजमन यांनी बागेचं काम मनावर घेतलं. त्यांचे नातलग कॅप्टन विल्यम विंड हे वास्तुरचनाकार; दोघांचा पत्रव्यवहार आजही जपून ठेवलेला आहे. तेव्हाची आवड रेखीवपणाची. सरळ वाटा, नक्षीचे वाफे, कातरलेली कुंपणं. हॉली वॉक नावाच्या लांबलचक वाटेच्या एका टोकाला झाडं ठेवायचं ग्रीन हाउस, दुसऱ्या टोकाला म्युझिक रूम. त्या वाटेवर मधोमध उभं राहा, म्हणजे या बागेची सगळी मांडणी कळते.

भिंती नुसत्या आडोशाला नाहीत. थंड मुलुखात वीट दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळी चुलीच्या ओट्यासारखी ऊब देत राहते. म्हणून फळझाडं भिंतीला टेकून लावायची, फांद्या दोन्ही बाजूंना सपाट बांधत न्यायच्या. फुलाला कडाक्याच्या थंडीपासून थोडं संरक्षण मिळतं, फळ लवकर पिकतं. हे काम वर्षानुवर्षांचं, हातात कात्री घेऊन करायचं. मला या बागेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

पण अठराव्या शतकात इंग्लंडची आवड पालटली. खिडकीपर्यंत हिरवळ हवी, वळणदार तळं हवं, भिंती नकोत. देशभर अशा किती तरी रेखीव बागा मोडल्या गेल्या. ब्रिजमन घराण्याला 1762 मध्ये वेस्टन पार्कची इस्टेट वारशाने मिळाली, आणि तिथे त्यांनी या नव्या शैलीचा बादशहा, 'केपेबिलिटी' ब्राऊन, यालाच कामाला लावलं. लक्ष आणि पैसा तिकडे गेला. म्हणून ही जुनी बाग राहिली. कुणी तिच्यात सुधारणा केली नाही, हेच तिचं नशीब!

1936 मध्ये याच ब्रिजमन घराण्यातल्या लेडी आयडा ब्रॅडफर्ड वारल्या आणि बागेला खरी उतरती कळा लागली. झुडपं माजली, भिंती ढासळू लागल्या. 1985 मध्ये बागेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. आता प्रश्न असा, की बाग परत उभी करायची ती कोणत्या काळातली? ट्रस्टने साधारण 1680 ते 1740 हा काळ धरला. आधाराला हेन्री बेटन यांनी 1726 मध्ये काढलेलं चित्र होतं, शिवाय जमीन खणून जुन्या खुणा शोधल्या.

मात्र हॉलीच्या झुडपांचा भुलभुलैया आहे एकोणिसाव्या शतकातला. काटेकोर हिशेबाने तो काढून टाकायला हवा होता. त्यांनी तो ठेवला. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो, कारण नंतरच्या पिढीने हौसेने लावलेलं झाडही त्या बागेच्या इतिहासातलंच आहे. नातवंडं बरोबर असतील तर भुलभुलैया शेवटी ठेवा, कारण एकदा त्यात शिरली की ती भिंतीवरची नासपती बघायला थांबणार नाहीत.

नमस्कार.