आजी पुस्तकात नसते
(परभणीत महाविद्यालयीन मुलांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सेलूला मामाच्या वाड्यात सोंगट्यांचा पट मांडला की भांडण ठरलेलं. एखादी कवडी पटाच्या काठाला टेकून तिरकीच राहायची. उताणी धरायची का उपडी? मामा एक म्हणायचा, मी दुसरं. मग माजघरातून आजी ओरडायची, ‘पुन्हा टाक की लेकरा!’ संपलं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. आजी घरात होती, म्हणून चालत होतं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायचा हा खेळ; त्यात ही आजी खेळातच बसवली. तिला डन्जन मास्टर म्हणतात. पुस्तक जिथं अपुरं पडतं, तिथं ती ठरवते. या खेळावरून व्हिडिओ गेम करणाऱ्यांना पुस्तक उचलता येतं, आजी उचलता येत नाही. त्यामुळं ‘नियम जसेच्या तसे घ्या’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कोणते? पुस्तकातले, का बसून खेळताना चालतात ते?

१९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ हा व्हिडिओ गेम घ्या. तो ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांच्या ज्या दुसऱ्या आवृत्तीवर उभा आहे, तिच्यात लढाईची फेरी एका मिनिटाची. गेममध्ये ती सहा सेकंदांची झाली. पाळ्या गेल्या, सगळे एकदम लढणार, स्पेसबार दाबला की थांबणार. एवढी मोडतोड केली आणि ‘थॅको’ मात्र जिवापाड जपला! थॅको म्हणजे वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर किती हवेत, ते वजाबाकीनं काढायची रीत. चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं ते भक्कम. टेबलावर जाच होता तो वजाबाकीचा, आणि ती संगणकाला फुकट. खेळणाऱ्याच्या वाट्याला उरलं काय, तर ‘उणे दोन चांगलं का वाईट’ हे कोडं.

आता २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात फाशावर एक पडला तर वार हमखास चुकतो, पण कुलूप उघडताना तसं काही नाही. दहा हवेत, चोराच्या कौशल्याचेच दहा आहेत, तर एक पडूनही अकरा होतात. चांगला मास्टर फासा टाकायलाच लावणार नाही. गेम लावतो, आणि एक पडला की फसलंच. पुस्तकाला सोडून आहे हे. पण आमच्या रूमवर तो एक पडला तेव्हा सहा जण एकदम ओरडले, अगदी पटावर ओरडायचो तसे. मी म्हणतो, असू द्या.

माझं भांडण आहे ते कार्मिक डाइसशी. ही सोय आधीपासूनच चालू असते; लागोपाठ वाईट पडायला लागलं की गेम आतल्या आत सावरून घेतो. मास्टरही आडोशाला फासा फिरवतो, खोटं कशाला बोलू. पण तो आपल्या तोंडाकडं बघून फिरवतो. आजीनं ‘पुन्हा टाक’ म्हटलं ते सगळ्यांदेखत. इथं कुणीतरी कवडी गुपचूप पालथी करतंय.

मी ते पहिल्याच दिवशी बंद केलं. मित्र म्हणाला, ‘काय करायलास लेका, मरशील!’ तासाभरात मेलोही.