तंबोरा म्हणजे गोंगाट?

(दृश्य: मिरज, सकाळचं घर)

ऐकू न येणाऱ्या बाळाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलंय: कानाच्या आतल्या इलेक्ट्रोडमधून (बारीक विद्युत टोकांतून) श्रवणनसेला विजेचे ठोके देणारं यंत्र. कानामागे आवाज टिपणारा प्रोसेसर अडकवला, डोक्याला तो आत पाठवणारी कॉइल चिकटली, की दिवसाची पहिली परीक्षा. ओठ दिसू नयेत म्हणून आई तोंडासमोर कागद धरते. आवाज ऐकू आला, की बाळाने मणी डब्यात टाकायचा.

'आ.' मणी डब्यात. 'म.' मणी डब्यात. 'श.' पडला. 'स'ला मात्र हात तसाच थांबतो.

"ऐक हं बाळा, परत."

'स' हा वरच्या पट्टीतला नुसता फुसकारा. तो पोचत नसेल, तर मॅपिंगला, म्हणजे कुठल्या इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची ते ठरवायला, गेल्यावर वरच्या पट्टीच्या इलेक्ट्रोडची पातळी तपासावी लागते. लहान मूल 'जोरात लागतंय' असं सांगू शकत नाही. चाचण्यांवरून अशा पातळ्या सुचवणारं फॉक्स नावाचं सॉफ्टवेअर बेल्जियममध्ये तयार झालंय. अंतिम हात अजून ऑडिओलॉजिस्टचाच, म्हणजे श्रवणतज्ज्ञाचा, आणि ते बरंच आहे.

कानाच्या शंखात आतल्या केसपेशी सुमारे ३,५००. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड १२ ते २२. तेवढ्यावर बोलणं कळतं, हेच नवल! सगळ्या इलेक्ट्रोडना एकदम वीज न देता आळीपाळीने ठोके द्यायची पद्धत अमेरिकी संशोधक ब्लेक विल्सन यांच्या गटाने १९९१ साली मांडली, तिथून चित्र पालटलं.

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड, हळदीचे सौदे)

पण ते शांत खोलीत. इथे काय करायचं? पंख्याची एकसुरी घरघर जुन्या प्रोसेसरलाही कमी करता यायची. माणसांच्या गलक्यापुढे तो हरतो, कारण नको असलेला आवाजही बोलणंच असतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता खरी कामाला येते ती इथे. बोलणं आणि गलका मिसळून न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, भरपूर ऐकवतात. आवाजाच्या प्रत्येक बारीक तुकड्यात बोलण्याचा वाटा किती, हे ते शिकतं. तेवढा ठेवतं, बाकीचा दाबतं. आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत, कानामागच्या इवल्याशा बॅटरीवर. उशीर झाला, तर ओठ आणि आवाज यांची फारकत.

(दृश्य: मिरज, तंबोरे बनवणारी सतारमेकर गल्ली)

आता हे ऐका. कारागीर तारेखाली सुती दोरा सरकवतोय, केसभर पुढे, केसभर मागे. मध्येच आवाज खुलतो. जवारी लागली! एका तारेतून वरचे कितीतरी स्वर झंकारू लागले.

इम्प्लांट आवाजाच्या जोराचा चढउतार नेतं, आतली बारीक कंपनं बहुतेक गाळतं. जवारी तिथेच हरवते. त्यावर बोलणं तेवढं वेचायला शिकलेलं यंत्र बसवलं, तर संथ, अखंड वाजणारा तंबोरा त्याला पंखाच वाटायचा. म्हणून प्रोसेसर आधी भोवताल ओळखतात. २०१३ साली आलेल्या एका प्रोसेसरने सहा प्रकार केले: शांतता, बोलणं, गलक्यातलं बोलणं, नुसता गलका, वारा आणि संगीत.

त्या संगीतात तंबोरा धरलाय का, हे मिरजकराने विचारलंच पाहिजे. तूर्त हातात आहे तो साधा उपाय: मॅपिंगच्या वेळी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्यायचा, आवाज दाबणारी सोय बंद ठेवलेला.