सांडपाणी मळ्यापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरी शिमगा सरला की मळ्यातल्या विहिरीचा तळ दिसू लागतो, आणि तांबडी भाजीसुद्धा बेळगावच्या गाडीची वाट पाहायला लावते.

पणजीजवळ टोंकला सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प आहे. तिथल्या टाक्यांतले जिवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी बाहेर सोडलं जातं. ताळगावचं भाताचं शेत तिथून हाकेच्या अंतरावर.

हेच शुद्ध केलेलं पाणी मळ्यांना दिलं तर? साधा हिशेब करू. उन्हाळ्यात भाजीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. म्हणजे हजार चौरस मीटरच्या मळ्याला ५००० लिटर. प्रकल्पातून रोज १० लाख लिटर मिळालं, तर असे दोनशे मळे भिजतील.

‘शी, गटाराचं पाणी!’ असं कुणीतरी म्हणणारच. शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर तपासणीत आहे. कच्ची खाल्ली जाणारी भाजी भिजवायची तर १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले जिवाणू १००० च्या वर नकोत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ साली सांगितलं होतं. म्हणून सुरुवात माडांपासून करावी. आळ्यात पाणी सोडलं, तर ते नारळाला शिवतही नाही. कोथिंबीर, मुळा नंतर बघू.

दुसरी गोष्ट मिठाची. सांडपाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. शिवाय किनाऱ्यालगत जुन्या गटारवाहिन्यांत खारं पाणी झिरपतं. कोरड्या मुलखात हे मीठ वर्षानुवर्षं जमिनीत साचत जातं. आपल्याकडे आषाढातला पाऊस ते धुऊन नेतो, हे आपलं नशीब. तरी पाण्याची क्षारता दर महिन्याला मोजायलाच हवी. पाण्यासोबत नत्र आणि स्फुरदही येतं, तेव्हा खताचा हात जरा आखडता घ्यावा.

माझ्या मते खरी अडचण पुढेच आहे. मोठ्या बागायतदाराला पंप परवडतो, पाइपही परवडतो. चार वाफेवाल्या बाईच्या बांधापर्यंत पाइप कोण नेणार? टँकर मागवला, तर पाण्याचे पैसे मिरचीतून सुटत नाहीत. प्रकल्पाचं पाणी चोवीस तास वाहतं, तिला मात्र ते सकाळी दोन तासच हवं असतं. त्यासाठी शेताच्या वरच्या अंगाला एक सामाईक टाकी, प्रत्येकाची ठरलेली पाळी, आणि ठिबकच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून गाळणी हवी. पाटाच्या पाण्याची पाळी लावणं आपल्या गावांना नवं नाही. टाकीच्या वॉल्व्हची चावी कोणाकडे राहील, एवढं पाइप पुरण्याआधी ठरवा.