मेन स्विच कोण बंद करणार?

(वादळ-पावसात घरातली माणसं कशी सुरक्षित ठेवायची, यावर नागपुरातील एका लेआउटमधल्या रहिवाशांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला आणि त्यात बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारं आलं, की दुपारनंतर आभाळ फिरतं. पावसाआधी एकदम गार वारा सुटतो. दिवसभर भाजून निघालेल्या अंगाला तो लागला की बरं वाटतं, आणि आपण बाल्कनीत जाऊन उभे राहतो. हा वारा ढगातून खाली कोसळलेला असतो. तो लागला म्हणजे वादळ जवळ आलं, घरात यायचं.

आणि वाळवण? आपल्या घरांत याच दिवसांत कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर असतात. ढग गडगडले की घरातली बाई आधी जिन्याकडे धावते. काकू, भिजू द्या ते! गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचण्याइतकी जवळ आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्चीवर जायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं मोफत अॅप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. ते घरात एकाच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या, म्हणजे वाळवण वेळेत खाली येईल.

टिनाच्या शेडवर दगड-विटा ठेवलेल्या मला जागोजागी दिसतात. वादळात टिन उडतं आणि ते दगड कोणाच्या तरी डोक्यावर येतात. हुक बोल्ट कसून घ्या, गंजलेले बदला. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी रिकामी ठेवू नका. हजार लिटरची भरलेली टाकी टनभर वजनाची होते, ती जागची हलत नाही, आणि लाइन गेल्यावर पाणीही तीच पुरवते.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. वादळाचे दिवस आणि कुलरचे दिवस आपल्याकडे एकच आहेत. खिडकीला लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कुलर, टपात पाणी, पाण्यात पंप, आणि वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी. त्यावर तिरपा पाऊस येतो. एखादी वायर सोललेली असली की अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. लोक म्हणतात, ‘आमच्याकडे एमसीबी आहे.’ एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, ती वायरिंग जळू नये म्हणून असते. ती पडायला कित्येक अँपिअर लागतात, आणि माणसाचा जीव त्याच्या एका छोट्या अंशानेही जातो. माणसासाठी असतो तो दुसरा खटका, आरसीसीबी. ३० मिलीअँपिअरची बसवा. करंट अंगातून जमिनीकडे जायला लागला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. तिच्यावर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं बारकं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. आणि कुलरला हात लावायचा, पाणी भरायचं, ते प्लग काढूनच. ही शिस्त लेकरांनाही लावा.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथले बरेच जण विसरले नसतील. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. माणसं गाढ झोपेत होती. अशा वेळी अंधारात मेन स्विच कोण बंद करणार? बहुतेक घरांत तो फक्त बाबांना ठाऊक असतो, आणि बाबा नेमके गावाला गेलेले असतात. आजीला, सुनेला, शाळकरी नातवाला, सगळ्यांना तो दाखवा. नुसता दाखवू नका, त्यांच्या हाताने बंद-चालू करून घ्या. मात्र पाणी प्लगच्या बोर्डापर्यंत चढलं असेल, किंवा मेनपाशी जायला पाण्यातून जावं लागत असेल, तर जायचं नाही. वरच्या मजल्यावर जा, १९१२ वर महावितरणला कळवा, माणसं अडकली असतील तर ११२.

इन्व्हर्टरचं तर कोणी बोलतच नाही. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरचे बोर्ड जिवंतच राहतात! त्याचं बटण वेगळं असतं, तेही घरच्यांना माहीत हवं. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी बॅटरी जमिनीवर ठेवू नये, भक्कम उंच स्टँडवर ठेवावी. त्याच उंचीवर कागदपत्रांची पिशवी, टॉर्च आणि आठवड्याची औषधं. घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल, तर त्यांना उचलून वर नेणारी दोन माणसं शेजारपाजारातली आत्ताच ठरवा. त्यांच्याशी आज रात्रीच बोला, त्यांनाही ते माहीत हवं.

वादळानंतर रस्त्यात तार पडलेली दिसली तर ती जिवंत आहे असंच धरायचं. काठीनेही सरकवायची नाही. लांब थांबून लोकांना अडवायचं आणि १९१२ ला फोन करायचा.

इथे टेबलावर मी एक जोडलेला बोर्ड आणलाय. आरसीसीबी कुठली आणि एमसीबी कुठली हे ज्यांना ओळखता येत नाही, त्यांनी पुढे या आणि ते बटण स्वतः दाबून बघा. आधी आजी लोक येऊ द्या.