दावं सोडलं त्याचं काय?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'आपत्ती मदत आणि पशुपालक', पण मला खरं तर एका दाव्याबद्दल बोलायचंय. कोर्टातला दावा नव्हे हो, गुरं बांधायचं दावं. हसलात ना, म्हणजे जागे आहात.

22 जुलै 2021 काय होतं ते चिपळूणकरांना मी काय सांगायचं. वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा आमच्या दोन गाई आणि एक गाभण पाडी बांधलेली, पाणी गुडघ्याला, मग मांडीला, गाठी भिजून दगड झालेल्या, सुटतायत कुठल्या, शेवटी कोयता घेऊन तिन्ही दावी कापली. (माझा डावा अंगठा त्याच दिवसापासून वाकडा आहे, चहाच्या वेळी दाखवतो.) गाई पोहत वरच्या आमराईत जाऊन उभ्या राहिल्या. पाडी वाहून गेली. शेजारच्यांना गोठ्यापर्यंत पोचताच आलं नाही, त्यांची गाय दाव्यालाच गेली बिचारी.

तिचं शवविच्छेदन झालं, पंचनामा झाला, पैसे आले, आणि यायलाच हवेत, त्याबद्दल माझं काही नाही. पण पाडीची मदत मागायला मी गेलो तेव्हा पहिला प्रश्न, "मेलेलं जनावर कुठाय?" म्हटलं खाडीला गेलं. "मग मेलं कशावरून? कुठेतरी चरत असेल." म्हटलं साहेब, चरताना दिसली तर व्यायल्यावर दूध तुम्हीच काढा! तर म्हणे दूध देत नव्हती ना, मग ती तशीही वासरातच धरायची. चार खेपा मारल्या, दर वेळी नवीन झेरॉक्स. आमची ही एकदा वैतागून म्हणाली, बांधूनच ठेवली असती तर कागद तरी झाला असता. बोलली आणि गप्पच झाली. मीही.

बरं, अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं, म्हणजे मुख्य विषय आता पळवावा लागणार.

केंद्राचे 2022-23 ते 2025-26 चे मदतीचे निकष बघा, एका जनावरामागे रुपयांत: दुभती गाय-म्हैस 37,500, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी 4,000, कोंबडी 100. एका घराला दुभती मोठी तीनच किंवा शेळ्या तीस, कोंबड्यांचे एका घराला फार तर 10,000. पोल्ट्रीवाल्यांनो, हिशोब तुमचा तुम्ही करा. घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000, त्यात जांभा चिरा किती येतो ते गवंड्याला विचारा. रक्कम वाढवा म्हणून सगळेच ओरडतात, मीही ओरडतो, पण माझी मागणी पुराव्याची आहे. गुरांच्या कानात तो पिवळा बिल्ला आहे ना, बारा आकडी, तो काय दागिना म्हणून घातलाय? मे महिन्यात ग्रामसभेत प्रत्येकाच्या गुरांची यादी वाचायची, बिल्ल्याचा नंबर, फोटो, गाभण असेल तर किती महिन्यांची तेही, त्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांची सही. पुरानंतर जनावर ठरलेल्या मुदतीत सापडलं नाही तर ती यादी आणि दोन शेजाऱ्यांचा जबाब पुरावा धरायचा. खोटं कोणी करेल म्हणता? करील एखादा, पुढे तोच नंबर बाजारात किंवा दवाखान्यात निघाला की सापडेल.

अर्जाचा मसुदा लिहून आणलाय, बाहेर टेबलावर आहे, सही करून जा. आणि तिथलं पेन दोरीने बांधलंय, ते मात्र सोडू नका.