आरसीसी बीमचे मॉडेल अडते तेव्हा

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच मच्छे परिसरात आहे, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलामुलींचे आरसीसी (सळयांच्या काँक्रीटच्या) बीमच्या फायनाइट एलिमेंट विश्लेषणावरचे, म्हणजे बीमचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून संगणकावर केलेल्या गणिताचे प्रकल्प माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: मॉडेल कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे गणित उत्तरावर स्थिरावत नाही. अशा वेळी हात आधी टॉलरन्सकडे, म्हणजे गणितात चालवून घ्यायच्या चुकीच्या मर्यादेकडे जातो. टॉलरन्स सैल केला की गणित पुढे सरकते, पण बीमचे काय झाले ते कळेनासे होते. माझा आग्रह असा की सॉफ्टवेअर उघडण्याआधी तीन आकडे हाताने काढलेले असावेत.

230 × 450 मिमीचा, 3 मीटर स्पॅनचा, एम25 (क्यूबची ताकद 25 एमपीए) काँक्रीटचा बीम घ्या. खाली 16 मिमीच्या तीन एफई500 (500 एमपीए ताकदीच्या) सळया आणि स्पॅनच्या तिसऱ्या भागांवर दोन समान भार. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 456:2000 प्रमाणे काँक्रीटची वाकतानाची ताणशक्ती 0.7√25, म्हणजे 3.5 एमपीए, त्यावरून भेग पडण्याचा मोमेंट सुमारे 27 किलोन्यूटन-मीटर आणि एकूण भार सुमारे 54 किलोन्यूटन येतो. ई (काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक) 25,000 एमपीए धरल्यास तोवरचे डिफ्लेक्शन (बीमचा झोळ) जेमतेम 0.6 मिमी. सेफ्टी फॅक्टर न लावता काढलेला अंतिम भार 220 किलोन्यूटनच्या आसपास जातो. प्रयोगाशी तुलना करताना काँक्रीटचा 1.5 आणि स्टीलचा 1.15 हे सेफ्टी फॅक्टर मॉडेलमध्ये मुळीच घालू नयेत.

आता मॉडेल कुठे थांबले ते पाहा. भार-डिफ्लेक्शन आलेखाचा सुरुवातीचा उतारच दहापट किंवा हजारपट चुकला असेल तर एककांचा घोळ आहे. 54 किलोन्यूटनच्या बऱ्याच आधी थांबले तर बहुधा भार किंवा आधार एकाच नोडवर (एलिमेंट जोडणाऱ्या बिंदूवर) दिलेला असतो आणि तिथले काँक्रीट चिरडते. मध्ये स्टीलची प्लेट द्या. नेमके 54 च्या आसपास अडले तर ती भेगच आहे: ताठरपणा एकाएकी घसरतो, म्हणून भाराऐवजी डिस्प्लेसमेंट (सरकण्याचे अंतर) देऊन, लहान पावलांनी पुढे जावे.

सर्वांत फसवा दोष मेशचा, म्हणजे एलिमेंटच्या जाळीचा. भेग पडल्यावर काँक्रीटची ताणशक्ती कशी उतरत जाते ते स्ट्रेनमध्ये (लांबीतल्या सापेक्ष बदलात) दिले, तर एलिमेंट 50 वरून 25 मिमी केल्यावर भेग एकाच ओळीत एकवटते, खर्च होणारी ऊर्जा घटते आणि तोच बीम अधिक ठिसूळ दिसू लागतो. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये, बाझांत आणि ओ यांनी 1983 मध्ये दाखवलेल्या वाटेने स्ट्रेनऐवजी फ्रॅक्चर एनर्जी (भेग उघडायला लागणारी ऊर्जा) किंवा भेगेची रुंदी द्यावी, म्हणजे उत्तर मेशवर फारसे अवलंबून राहत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास राहून जाते. आपण लॅबमध्ये 150 मिमीचे क्यूब फोडतो, पण बहुतेक मटेरियल मॉडेलना सिलिंडरची ताकद हवी असते, जी क्यूबच्या साधारण 0.8 पट भरते. 25 चे सरळ 25 टाकले की दाबाकडची बाजू उगाच बळकट होते.

कन्व्हर्जन्ससाठी व्हिस्कॉसिटी (गणित स्थिरावण्यासाठी मॉडेलमध्ये घातलेला कृत्रिम चिकटपणा) वाढवली असेल तर ती निम्मी करून मॉडेल पुन्हा चालवा. अंतिम भार लक्षणीय घसरला, तर आधीचा निकाल प्रबंधात घालू नका. ज्यांनी फाइल आणली आहे त्यांनी भार-डिफ्लेक्शनचा आलेख पडद्यावर लावावा, पहिल्या भेगेपर्यंतचा उतार आपण आधी तपासू.